ज्याचे त्याचे झाकण

दिवाळीचा फराळ करायला घेतला की आमच्या घरात दरवर्षी एक तरी वाद झडतो. यंदा तो झाकणावरून झाला. शंकरपाळ्यांची परात भरली आणि सूनबाई कपाटातून ती पारदर्शक, बोटांना चिकटणारी प्लॅस्टिकची गुंडाळी काढायला गेली. गुंडाळी संपलेली! "आता हे झाकायचं कशानं?" तिने असे काही विचारले, की जणू माणसाने अन्न झाकायला त्या गुंडाळीपासूनच सुरुवात केली असावी! मला हसू आले. पण लगेच माझी स्वतःची जुनी फजिती आठवली आणि हसू ओठांतच जिरले.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन उस्मानाबादला आले. धाराशिव हे नाव त्या शहराला आणि जिल्ह्याला अधिकृतपणे मिळाले ते २०२३ साली. १९८९ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी नणंदेच्या बाळाचे बारसे होते. पेढे घरीच करायचे म्हणून भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीकडचा दोन किलो खवा आणवला. आला तेव्हा तो कोमट होता. सासूबाई आमंत्रणे करायला बाहेर गेलेल्या. मी उत्साहाने खवा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला, घट्ट गाठ मारली, वर आणखी एक पिशवी चढवली. पुण्याची सून किती टापटिपीची, हे दिसायला नको?

फ्रीज त्या वेळी घरात नव्हता. तिसऱ्या दिवशी गाठ सोडली, तो आत घामासारखे थेंब आणि खव्यावर हिरवट बुरशी! सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या रागावल्या नाहीत. पिशवी उलटीसुलटी करून पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, "अगं, त्याचा जीव कोंडला की! कोमट जिनसाला कुणी असं बांधतं का?" मग त्या गप्प झाल्या.

ते गप्प बसणे मला रागावण्याहून अधिक झोंबले. कारण १९७२ च्या दुष्काळात ह्याच बाईने सरकारी कामावर खडी फोडली होती आणि तिथे मिळणारी सुकडी पोरांसाठी पदरात बांधून घरी आणली होती, हे मी ऐकले होते. तिच्यासमोर दोन किलो खवा उकिरड्यावर गेला.

दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. पाटी नाही, पुस्तक नाही; प्रश्न मात्र एकच. कोणताही जिन्नस हाती आला की आत्याबाई विचारीत, "ह्याला वारा हवा का नको?"

भाकरीला थोडा वारा हवा. म्हणून ती आधी दुरडीत मोकळी ठेवायची आणि वाफ गेली की सुती फडक्यात गुंडाळायची. वाफ कोंडली की भाकरी आधी ओलसर होते, मग आंबते. तीच भाकरी पातळ थापून पार वाळेपर्यंत शेकली, की कडक भाकरी होते. तिच्यात ओल उरत नाही, म्हणून बुरशीचेही काही चालत नाही. कांदा-लसणाला भरपूर वारा हवा; ती टोपलीत किंवा टांगून ठेवायची. हिरव्या मिरच्यांचे देठ काढावेत, म्हणजे त्या लवकर सडत नाहीत. कोथिंबीर न धुता, निवडून, किंचित ओलसर फडक्यात ठेवावी.

लोणच्याला वारा नको. चिनी मातीची बरणी उन्हात खडखडीत वाळवायची, फोडींवर बोटभर तेल येऊ द्यायचे, तोंडाला दादरा बांधायचा. ते तेल म्हणजेच लोणच्याचे खरे झाकण. मात्र दही-लोणचे पितळेच्या भांड्यात कधी ठेवायचे नाही. आंबट पदार्थ कळकतात.

वारा नको म्हणजे किती नको, ते आत्याबाईंच्या माहेरच्या पेवावरून मला कळले. मराठवाड्यात ज्वारी पेवात साठवीत. कोरड्या मुरमाड जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचे अस्तर, तोंडावर दगड आणि वरून माती लिंपलेली. आत धान्य आणि किडे हवेतला प्राणवायू वापरून टाकतात, कर्बवायू साठतो आणि किडे गुदमरून मरतात. औषध नाही, पावडर नाही! पण जो वायू किड्याला मारतो, तो माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडले की ते बराच वेळ मोकळे ठेवीत, मग आत कंदील सोडून पाहात. कंदील विझला तर कुणी उतरायचे नाही. घाई करून उतरलेल्यांचे जीव गेल्याच्या गोष्टी आत्याबाई सांगत, तेव्हा अंगावर काटा येई.

काही जिनसांना वारा आणि गारवा दोन्ही हवे. त्यासाठी मातीचे भांडे. आमच्या जिल्ह्यातच तेर आहे. प्राचीन काळी ते तगर नावाने परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होते. तेथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या कितीतरी वस्तू पाहायला मिळतात. संत गोरा कुंभारही तेरचेच. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणते मडके कच्चे, हे त्यांनी सांगितल्याची कथा सर्वांना माहीत आहे. आत्याबाईही बाजारात माठ असाच टिचकी मारून घेत. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला.

भाजलेल्या मातीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते, वाऱ्यावर उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. मोठ्या कुंडीत लहान मडके ठेवावे, मध्ये ओली वाळू भरावी, वर ओले फडके टाकावे. झाले भाजीचे थंड कपाट. ह्याच युक्तीसाठी नायजेरियातील मोहम्मद बाह अब्बा ह्या शिक्षकाला २००० साली रोलेक्स पारितोषिक मिळाले. त्याच्या मडक्यात टोमॅटो तीन आठवडे टिकत. धाराशिवच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती छान साधते. कोकणच्या दमट हवेत मात्र पाणीच उडत नाही, तेव्हा तिथल्या भगिनींनी हिच्या नादी लागू नये.

आता त्या गुंडाळीविषयी. तिच्यावर मी उगाच दात धरीत नाही. १९३३ साली अमेरिकेत डाऊ कंपनीच्या प्रयोगशाळेत काचेच्या भांड्याला चिकटलेला, काही केल्या न निघणारा एक पदार्थ राल्फ वायली ह्याच्या नजरेस आला. खाऱ्या वाऱ्यापासून बचाव म्हणून तो आधी लष्करी सामानासाठी वापरला गेला आणि पुढे त्याची गुंडाळी होऊन स्वयंपाकघरात शिरली. वारा आणि ओल अडवणे हेच तिचे काम. पण आपण भाकरीलाही तीच गुंडाळतो आणि कोथिंबिरीलाही! शिवाय एकदा वापरली की ती उकिरड्यावर जाते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायचा पापुद्राही आहे. घरातला निर्णय मात्र आपणच घ्यायचा.

तो घेताना दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्या. गुंडाळी नको म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत. छपाईची शाई पोटात जाते आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही तसे बजावले आहे. दुसरे, जुने ते सगळेच सोने नव्हे. उरलेली आमटी-भाजी पसरट भांड्यात लवकर निववून, दोन तासांच्या आत झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्येच ठेवावी. फ्रीज आल्यावर आत्याबाईंनीही तो आनंदाने वापरला. फक्त तिथेही त्यांचा प्रश्न सुटला नाही.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांनी काही लिहून ठेवले नाही; लिहिता येतही नव्हते. त्यांच्या हातची बरणी आमच्या फडताळात आहे, पण बरणी काही बोलत नाही. म्हणून सूनबाईला जवळ बोलावले आणि म्हटले, "परातीत हात घालून बघ." ती म्हणाली, "कोमट आहेत." मग क्षणभर थांबून स्वतःच म्हणाली, "म्हणजे आत्ता झाकायचेच नाहीत, होय ना?"

परातीवर सुती फडके पसरले आहे. शंकरपाळे एव्हाना निवले असतील. उठून डबा भरायला हवा.