होडी कुजते ती आतून
(लेखांक 5)

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये लेक व्ह्यू रोड आहे, लेक नाही. इथला लाँग टँक नावाचा लांबलचक तलाव 1920च्या दशकात बुजवायला घेतला आणि त्या जागेवर टी. नगर वसलं. पाणी मात्र आपली जुनी जागा विसरलेलं नाही. डिसेंबर 2015च्या पुरात चेन्नईच्या कोळ्यांनी आपल्या फायबरच्या होड्या लॉऱ्यांवर चढवून शहरात आणल्या आणि माणसं बाहेर काढली. वाळूवर ओढण्यासाठी बांधलेली होडी डांबरावर किंवा पाण्याखालच्या कुंपणाच्या भिंतीवर घासली की तळाला चरे पडतात. गेल्या आठवड्यात आपण असे जेलकोटवरचे, म्हणजे फायबरच्या सगळ्यात बाहेरच्या थरावरचे, चरे पाहिले. या वेळी चऱ्यातून आत गेलेल्या पाण्याचं काय होतं ते पाहू.

काचतंतू आणि रेझिन कुजत नाहीत. कुजतं ते त्यांच्यामध्ये कोंडलेलं लाकूड. किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या होडीचा तळ बहुधा एकेरी, भरीव फायबरचा असतो. लाकूड असतं ते ट्रान्सममध्ये, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीत, शिवाय तळाच्या फळ्यांत आणि फासळ्यांत. सहलीच्या आणि शिडाच्या नौकांत मात्र डेक आणि कधी कधी अख्खं अंगच दोन पातळ फायबर-थरांमध्ये हलका गाभा घालून केलेलं असतं. गाभा बाल्साचा, प्लायवुडचा किंवा फोमचा. जाडी दुप्पट केली की पत्र्याचा ताठपणा आठपट होतो, आणि हलका गाभा ही जाडी फारसं वजन न वाढवता देतो. पण दोन्ही थर गाभ्याला घट्ट चिकटलेले असतील तरच हे गणित चालतं. गाभा सुटला की उरतात दोन लवचीक पापुद्रे.

लाकडाचा गाभा ही काही वाईट कल्पना नव्हे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या अॅक्वेरियस फायबरग्लास यार्डात बांधलेली ‘म्हादेई’ ही 56 फुटी नौका सेडारच्या पट्ट्या, इपॉक्सी आणि काचकापड यांची आहे. 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. नंतर अभिलाष टॉमी यांनी न थांबता केली. गाभा लाकडाचा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ‘म्हादेई’ने कापलेले समुद्र मोजावेत.

दोष भोकांचा असतो. मालक हौसेने कठड्याचे खांब, दोर बांधायच्या खुंट्या, दिवे, मासेमारीच्या काठ्यांचे धारक बसवतो. प्रत्येक स्क्रू थेट गाभ्यात जातो, वर सिलिकॉनचा एक ठिपका लागतो आणि दोन पावसाळ्यांत तो सुटतो. इथे कट्टुमरमची, म्हणजे दोरांनी बांधलेल्या ओंडक्यांच्या तराफ्याची, आठवण काढायला हवी. ते ओंडके मऊ, पाणी पिणारे. म्हणून कोळी किनाऱ्यावर आल्यावर दोर सोडून ओंडके सुटे करत आणि वाळत टाकत. लाकूड भिजणारच, हे धरूनच ती बांधणी होती. फायबरने मढवलेल्या लाकडाला वाळायची वाटच नाही. पाणी आत शिरायला एक भोक पुरतं. ते बाहेर पडायला सगळा पापुद्रा काढावा लागतो.

त्यातही पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा घातक. मीठ बुरशीला थोडंफार रोखतं; गोड पाणी तिला पोसतं. म्हणून समुद्रात राबणाऱ्या होडीपेक्षा ऑक्टोबर ते डिसेंबर उघड्यावर, ताडपत्रीविना उभी असलेली होडी लवकर कुजते. बाल्साचे तुकडे तंतू उभे ठेवून बसवलेले असतात, त्यामुळे पाणी आडवं हळू सरकतं. पण गाभा वळवता यावा म्हणून त्यात दिलेल्या चिरा रेझिनने नीट भरल्या नसतील, तर त्याच पाण्याच्या मोऱ्या होतात.

निदानाला यंत्र लागत नाही. प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरून वीतभर अंतराने ठोकत जा. कलिंगड घेताना आपण करतो तसंच: चांगल्या जागी टणक आवाज, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाजाच्या कडेने खडूने रेघ मारा. मग आतल्या बाजूने, फक्त गाभ्यापर्यंत, बारीक भोकं पाडून भुसा बोटांत चोळा. कोरडा आणि फिकट असेल तर ठीक. काळा, ओला, आंबूस वास येणारा निघाला तर रेघ बाहेर सरकवायची. ती जवळजवळ नेहमीच सरकवावी लागते.

इथे एक लोकप्रिय उपाय आडवा येतो: भोकांतून इपॉक्सी ओतायची आणि मोकळं व्हायचं. माझ्या मते ते पैसे पाण्यात. ओलं लाकूड इपॉक्सी पीत नाही. ती पोकळीत साचते आणि कूज तिच्याभोवती चालू राहते.

खरं काम उघडण्याचं. शक्यतो आतून उघडा, म्हणजे बाहेरचा आकार बिघडत नाही. ग्राइंडरची पाती आतल्या थरापुरती ठेवून चौकोन कापा, पापुद्रा सावकाश उचला. अखंड निघाला तर परत वापरता येतो. पटाशीने कुजका भाग खरवडून कोरड्या लाकडाच्या तीन-चार इंच आत जा. मग थांबा. चेन्नईच्या दमट हवेत हा भाग सगळ्यात जिकिरीचा; फेब्रुवारी ते मे हाच त्यातल्या त्यात बरा काळ. चारी कडा टेपने बंद करून पारदर्शक प्लास्टिक चिकटवा आणि दिवसभर उन्हात ठेवा. आतून थेंब धरले तर अजून ओल आहे.

प्लायवुड घालणार असाल तर आयएस 710चा, म्हणजे मरीन प्लायवुडचा, छाप पाहूनच घ्या. दुकानदार 303चं दाखवून ‘तेच आहे’ म्हणेल, ते तेच नाही. थर्माकोल तर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने डोळ्यांदेखत विरघळतो. नवा गाभा घट्ट केलेल्या इपॉक्सीत, हवा न ठेवता बसवा, वर वाळूच्या पिशव्या ठेवा. जुन्या फायबरला पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी कितीतरी घट्ट धरते, म्हणून दुरुस्तीत ती महाग असूनही परवडते. थराची कड जाडीच्या बारापट उतरती घासा: 4 मिमी थराला साधारण 5 सेंमी.

पॉलिएस्टरच वापरायचं ठरलं तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोबाल्टचं अॅक्सिलरेटर आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. अॅक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. दोन्ही बाटल्या एका कपाटातही नकोत. आणि घासताना मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मेच्या उकाड्यातही.

शेवटी पुन्हा भोकं. बोल्टपेक्षा मोठं भोक पाडा, आजूबाजूचा गाभा थोडा कोरून काढा, पोकळी इपॉक्सीने भरून कडक होऊ द्या, आणि त्या भरावातून बोल्टच्या मापाचं भोक पाडा. आता सील सुटलं तरी पाण्याला लाकूड भेटत नाही. ट्रान्समवर मात्र इंजिनाचं वजन आणि हादरे दोन्ही येतात. तिथे एवढ्याने भागत नाही. ते पुढच्या आठवड्यात.