सशाच्या दुमजली पिंजऱ्याची उतरण

अंगणात जागा थोडी आणि मुलांना ससा हवा, अशा घरी दुमजली पिंजरा सोयीचा पडतो. खाली चारा-पाणी, वर बसायला कोरडी फळी, आणि मधे चढण्या-उतरण्यासाठी एक तिरपी फळी. सुतार चौकट, दार, जाळी सगळे मन लावून करतो; तिरपी फळी मात्र शेवटी उरल्यासुरल्या तुकड्यातून ठोकून दिली जाते. सशाला दगा होतो तो बहुधा या तुकड्यावर.

याचे कारण सशाच्या शरीरात आहे. मांजराच्या वजनात हाडांचा वाटा सुमारे १२ ते १३ टक्के असतो. सशात तो ७ ते ८ टक्केच. हाडे अशी हलकी, आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र दांडगे. पाय घसरला, ससा बिचकला आणि त्याने जोराची लाथ झाडली, की स्वतःच्याच झटक्याने त्याचा कमरेचा मणका मोडू शकतो. त्यासाठी फार उंचावरून पडावे लागते असे नाही. शिवाय कुत्र्या-मांजराच्या तळव्याला गादी असते, तशी सशाला नसते. त्याचा तळवा केसाळ असतो. गुळगुळीत फळी किंवा सनमायका त्याच्या पायाखाली ओल्या शेवाळासारखा निसटतो.

ससा चढतो सहज, अडखळतो तो उतरताना. पुढचे पाय आखूड, मागचे लांब. उताराला तोंड केले की सगळा भार पुढे येतो. त्यातून अगदी नाकासमोरची जागा त्याला दिसत नाही. म्हणून फळी जोखायची ती उतरताना कशी आहे यावरून.

सुताराला ढाळ असा सांगावा : वरचा मजला जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट फळीची लांबी. मजला दीड फूट उंच असेल तर फळी कमीत कमी ३ फूट. ती खाली सुमारे २ फूट ७ इंच जागा घेते. साडेतीन-चार फुटांची बसली तर फारच उत्तम, विशेषतः वयस्क सशाला. फळी संपते तेथे पुढे दीड फूट तरी मोकळे असावे. नाहीतर ससा उतरून थेट जाळीवर आदळतो. पिंजरा लांबीला कमी पडत असेल तर ढाळ वाढवू नये. कोपऱ्यात ९ इंच उंचीचा भक्कम खोका ठेवावा आणि दीड-दीड फुटाच्या दोन फळ्या काटकोनात लावाव्या. खोक्याला एक भोक पाडले तर ससा आत लपूनही बसतो. भित्र्या प्राण्याला ते फार आवडते.

फळी १० ते १२ इंच रुंद घ्यावी, कारण ससा अर्ध्या वाटेवरून मागे फिरतो. तिच्यावर दोन-दोन, अडीच-अडीच इंचांवर अर्धा इंच जाडीच्या आडव्या पट्ट्या मारून त्यांच्या कडा पॉलिश पेपरने गोल कराव्या. फळी अखंडच हवी. फटींच्या पट्ट्यांत किंवा जाळीत पाय अडकला तर तो तुटेपर्यंत ससा हिसके देतो. दोन्ही बाजूंना तीन-चार इंचांची कड लावावी. वरच्या मजल्याच्या उघड्या बाजूलाही तशीच. वरचे टोक बिजागरीवर आणि खालचे खुंटीत बसवले, तर फळी हलत नाही. फळी एकदा जरी डगमगली तरी ससा पुढे तिच्यावर पाय ठेवत नाही, सरळ उडी मारतो.

गोणपाट किंवा जुना गालिचा ठोकण्याचा मोह होतो. तो टाळावा. नखे धाग्यांत अडकतात, आणि कुरतडलेले धागे पोटात साठतात. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे गिळलेले तोंडावाटे परत येत नाही. वाळवीसाठी आपण लाकडाला डांबर किंवा जळके ऑईल फासतो, तेही येथे चालणार नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात, तो फळी चावणारच. जुन्या रंगवलेल्या दाराची फळी तर मुळीच नको. तिच्या रंगात शिसे असू शकते.

पावसाळ्यात लाकूड ओल धरून बुळबुळीत होते. दोन फळ्या करून ठेवल्या तर एक धुऊन वाळत घालता येते. मुताचे पांढरे खर नुसत्या पाण्याने निघत नाही; घरातला माडाचा व्हिनेगर चोळून थोडा वेळ ठेवला की सुटते. उलट एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालचा वरचा मजला भट्टीसारखा तापतो. सशाला घामाने अंग थंड करता येत नाही, तीस अंशांपुढे त्याला उष्णता जाचू लागते. तेव्हा दुपारी फळी वर उचलून माळा बंद करावा आणि खाली सावलीत पाण्यात भिजवून निथळलेले मंगळुरी कौल ठेवावे. ससा त्यावर अंग टाकून पडतो.

एवढे करूनही कधी ससा मागचे पाय ओढत चालताना दिसला, तर त्याला उभा धरून पाहू नये. टॉवेल घातलेल्या लहान खोक्यात, पाठ न वाकवता, दोन्ही हातांनी आधार देऊन ठेवावे आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. मुलांच्या खोकल्या-तापाचे उरलेले अमॉक्सिसिलीनचे औषध तर तोंडावाटे कधीच नको. त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससाच दगावतो.

मादी गाभण असेल तर तीस-बत्तीस दिवसांत विते. शेवटच्या आठवड्यात फळी काढून तिचे घरटे खाली करावे. पिल्ले उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात, सुमारे दहाव्या दिवशी डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्यात घरट्याबाहेर हिंडू लागतात. ती नीट उड्या मारू लागेपर्यंत फळी भिंतीला टेकवूनच ठेवावी.