‘कोणते पाहू?’ : शिफारशीची भाषा आणि चाहत्याचा पक्षपात

‘अ‍ॅनिमे’ हा शब्द जपानी भाषेने ‘अ‍ॅनिमेशन’ या परकीय शब्दाचा संक्षेप करून घडविला. जपानात तो कोणत्याही देशाच्या अ‍ॅनिमेशनला लागू पडतो. जपानबाहेर त्याचा अर्थसंकोच होऊन तो केवळ जपानी कृतींपुरता उरला. चेंबूरसारख्या उपनगरात, जेथे मराठी, तमिळ व सिंधी घरांतील मुले एकाच वर्गात बसतात, हा शब्द आता महाविद्यालयीन बोलण्यात रुळला आहे. ‘मी आजवर काहीच पाहिलेले नाही, कोणते पाहू?’ असा प्रश्न पाच जणांना विचारावा, तर पाच उत्तरे मिळतात आणि पाचही सारख्याच ठामपणे दिलेली असतात. या मतभेदाचा उलगडा अभिरुचीच्या चर्चेपेक्षा वाक्यरचनेच्या परीक्षणाने अधिक होईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मराठीत ‘आवडणे’ या क्रियापदाशी अनुभव घेणारा चतुर्थीत येतो, आणि क्रियापद लिंगवचन घेते ते आवडलेल्या वस्तूचे: ‘मला ती मालिका आवडली’, ‘मला तो चित्रपट आवडला’. (तमिळभाषी विद्यार्थ्याचे ‘एनक्कु पिडिक्कुम’ याच घडणीचे आहे.) आता ‘ती मालिका चांगली आहे’ हे वाक्य पाहावे. येथून अनुभव घेणारा नाहीसा झाला आणि गुण तेवढा वस्तूच्या अंगी चिकटला. तथापि तो खरोखर नाहीसा झालेला नसतो. ‘चांगली आहे, पण मी पाहिलेली नाही’ हे वाक्य कानाला खटकते. ते सुधारावयाचे तर ‘म्हणे’ हे अव्यय घालावे लागते: ‘चांगली आहे म्हणे, मी पाहिलेली नाही.’ म्हणजे वरकरणी वस्तुनिष्ठ दिसणाऱ्या विधानातही वक्त्याचा स्वानुभव गृहीत असतो. तो उच्चारला जात नाही एवढेच. चाहत्याचा पक्षपात दडून बसतो तो या गाळलेल्या ‘मला’मध्ये.

‘तू ती बघच’ ही याहून पुढची पायरी होय. येथे अनुभवही नाही आणि गुणही नाही. ‘च’च्या बळावर श्रोत्यावर केवळ कर्तव्य लादले गेले आहे. ‘तुला नक्की आवडेल’ हे तर सर्वांत धाडसाचे विधान. चतुर्थीतील व्यक्ती बदलली, पुरावा मात्र वक्त्याचाच राहिला. जपानी भाषा या बाबतीत अधिक काटेकोर आहे, हे मौजेचे आहे. स्वतःच्या एकटेपणाविषयी ‘सामिशी’ म्हणता येते; दुसऱ्याविषयी मात्र सामान्यतः ते तसेच म्हणता येत नाही, ‘सामिशिगारु’सारखे बाह्य लक्षण सुचविणारे रूप योजावे लागते.

प्रत्यक्ष उदाहरणांत हा भेद किती महाग पडतो ते दिसते. ‘वन पीस’ ही मालिका २० ऑक्टोबर १९९९ रोजी सुरू झाली आणि तिचे ११०० हून अधिक भाग झाले आहेत. एक भाग सुमारे २४ मिनिटांचा धरला तर हे ४४० तासांहून अधिक होतात. ज्याने ती आठवड्यास एक भाग अशी वर्षानुवर्षे सोबत केली, त्याच्या आयुष्याचा काळच तिच्यात गुंतलेला असतो. ‘पहिले शंभर भाग धीर धर, मग खरी रंगत येते’ हा त्याचा सल्ला प्रामाणिक असतो. पण विचारणाऱ्याजवळ महिनाभराची सुटी असते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. १६ एप्रिल १९८८ रोजी घिबली स्टुडिओचे दोन चित्रपट जपानात एकत्रच प्रदर्शित झाले. मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’मध्ये दोन बहिणींना एक अद्भुत वनचर भेटतो, ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये दुसऱ्या महायुद्धात अनाथ झालेली दोन भावंडे उपासमारीने मरतात. आठ वर्षांच्या मुलीसाठी चित्रपट शोधणाऱ्या पालकास ‘घिबलीचे काहीही दाखवा, सारे उत्तमच’ असे सांगणे खोटे नव्हे, परंतु घातक खचित आहे.

वयाचाही येथे मोठा भाग आहे. १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीतून ‘जंगल बुक’ पाहिलेल्या पिढीस मोगली आपलाच वाटला. ती निप्पॉन अ‍ॅनिमेशनची जपानी मालिका होती, हे कित्येकांना पुढे कळले. अशी कृती गुणांसाठी आवडली की बालपणासाठी, हे चाहत्यास स्वतःसही सांगता येत नाही.

ही काही जपानी चित्रांनी आणलेली व्याधी नव्हे. १९२१ मध्ये मुंबईत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हाही प्रेक्षागृहात दोन्ही बाजूंचे अभिमानी होतेच. आपल्या पक्षास आपण ‘रसिक’ म्हणतो, प्रतिपक्षास ‘चाहते’. एवढाच काय तो फरक.

मात्र पक्षपात वगळून शिफारस मागावी, हा उपाय मला पटत नाही. ज्याचे कशावरच प्रेम नाही त्याच्याजवळ सांगण्यासारखे फारसे नसते. तो लोकप्रिय नावांची यादी वाचून दाखवील. गाळलेला ‘मला’ परत मागावा, हे बरे. ‘तुला का आवडली?’, ‘कोणत्या वयात पाहिलीस?’ आणि विशेषतः ‘ती कोणाला आवडणार नाही?’ या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या चाहत्यास देता येते, त्याने ती कृती खरोखर पाहिलेली असते. विचारणाऱ्यानेही स्वतःला चतुर्थीत आणावे: मला अमुक रुचले, अमुक असह्य झाले, मला इतकाच वेळ आहे.

आपल्या विभागांतील वाचनसूचीही ‘चांगले आहे’ याच वाक्यरचनेत लिहिलेल्या असतात, आणि त्यांच्या भरवशावर विद्यार्थी आपली दोन वर्षे खर्ची घालतो. मोरो केशव दामले यांचे १९११ चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा थोर ग्रंथ आहे, असे मी दरवर्षी वर्गात सांगतो. परंतु ज्यास एखाद्या बोलीच्या ध्वनिविचारावर प्रबंध लिहावयाचा आहे, त्याने आरंभ तेथूनच करावा काय, हे त्याचा विषय ऐकून घेतल्यावाचून मला सांगता येणार नाही.