फलंदाजी प्रशिक्षक (भारतीय पुरुष क्रिकेट संघ)

फलंदाजी प्रशिक्षक हे भारतीय पुरुष क्रिकेट संघाच्या मार्गदर्शक वर्गातील एक पद आहे. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण या तीन अंगांसाठी स्वतंत्र प्रशिक्षक असतात. त्यांपैकी फलंदाजीची बाजू या पदावरील व्यक्तीकडे असते. मूळचे बीडचे असलेले माजी कसोटीपटू संजय बांगर यांनी २०१४ ते २०१९ या काळात हे काम पाहिले. २०१९च्या विश्वचषकातील उपांत्य पराभवानंतर मुख्य प्रशिक्षक, गोलंदाजी प्रशिक्षक व क्षेत्ररक्षण प्रशिक्षक कायम राहिले आणि फलंदाजी प्रशिक्षक तेवढा बदलला गेला. त्यामुळे या पदाची जबाबदारी किती आणि अधिकार किती, हा प्रश्न क्रिकेटरसिकांत मोठ्या प्रमाणावर चर्चिला गेला.

== कामाचे स्वरूप ==

गेवराईसारख्या तालुक्याच्या गावी शाळेच्या संघाला साधारणपणे एकच क्रीडाशिक्षक असतो. फलंदाजाची पकड सुधारणे, गोलंदाजाची धाव आखणे आणि झेलांचा सराव घेणे ही सर्व कामे तोच करतो. आंतरराष्ट्रीय स्तरावर याच कामांची वाटणी झालेली असते. फलंदाजी प्रशिक्षकाच्या वाट्याला साधारणपणे पुढील कामे येतात:

* नेटमधील सरावाची आखणी आणि फलंदाजांना चेंडू फेकून देऊन, म्हणजेच थ्रोडाउनद्वारे, विशिष्ट फटक्यांचा सराव करून घेणे;
* उभे राहण्याची ढब, पायांची हालचाल, बॅटचा मार्ग इत्यादी तंत्रातील दोष हेरणे व ते दुरुस्त करणे;
* प्रतिस्पर्धी गोलंदाजांच्या चित्रफितींचा अभ्यास करून प्रत्येक फलंदाजाबरोबर डावपेच ठरवणे;
* खेळपट्टी व हवामान लक्षात घेऊन फलंदाजीच्या क्रमाविषयी कर्णधार व मुख्य प्रशिक्षक यांना सल्ला देणे.

या यादीतील शेवटच्या कामात ‘सल्ला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संघात कोणते पंधरा खेळाडू असावेत हे राष्ट्रीय निवड समिती ठरवते. प्रत्यक्ष मैदानात उतरणारे अकरा जण आणि त्यांचा क्रम हा कर्णधार व मुख्य प्रशिक्षक यांच्या अखत्यारीतील विषय असतो. फलंदाजी प्रशिक्षकाचे मत विचारात घेतले जाते, परंतु अंतिम निर्णय त्याचा नसतो.

खेळाडूच्या तंत्रावर देखील त्याचा एकट्याचा प्रभाव नसतो. भारतीय संघात येणारा फलंदाज लहानपणापासून कोणत्या ना कोणत्या गुरूच्या हाताखाली घडलेला असतो आणि अनेक जण पुढेही वैयक्तिक मार्गदर्शक ठेवतात. मुंबईचे माजी कसोटीपटू प्रवीण आमरे यांनी अजिंक्य रहाणे यांना केलेले मार्गदर्शन हे याचे परिचित उदाहरण आहे.

== पदाचा उगम ==

पूर्वी भारतीय संघाबरोबर प्रामुख्याने व्यवस्थापक असे. १९९०च्या दशकात माजी कर्णधार अजित वाडेकर यांनी व्यवस्थापक या नात्याने संघाच्या क्रिकेटविषयक बाबीही पाहिल्या. २००० साली न्यूझीलंडचे जॉन राइट हे भारताचे पहिले परदेशी प्रशिक्षक झाले. त्यानंतरच्या काळात संघाचा मार्गदर्शक वर्ग वाढत गेला आणि गोलंदाजी, क्षेत्ररक्षण, शारीरिक तंदुरुस्ती यांसाठी वेगवेगळी माणसे नेमली जाऊ लागली. २००८ ते २०११ या काळातील मुख्य प्रशिक्षक गॅरी कर्स्टन हे स्वतः कसोटी सलामीवीर होते व फलंदाजांच्या सरावात त्यांचा प्रत्यक्ष सहभाग असे.

== संजय बांगर ==

संजय बांगर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९७२ रोजी बीड येथे झाला. देशांतर्गत क्रिकेट ते रेल्वे संघाकडून खेळले. त्यांनी १२ कसोटी व १५ एकदिवसीय सामन्यांत भारताचे प्रतिनिधित्व केले. फेब्रुवारी २००२ मध्ये नागपूर येथे झिंबाब्वेविरुद्ध त्यांनी नाबाद १०० धावा केल्या. ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडमधील हेडिंग्ले येथे ढगाळ हवामानात व चेंडू स्विंग होत असताना सलामीला येऊन त्यांनी ६८ धावांची संयमी खेळी केली आणि राहुल द्रविड यांच्याबरोबर १७० धावांची भागीदारी रचली. तो सामना भारताने डावाने जिंकला.

२०१४च्या इंडियन प्रीमियर लीगमध्ये बांगर यांच्या मार्गदर्शनाखाली किंग्स इलेव्हन पंजाब संघ अंतिम फेरीत पोहोचला. त्याच वर्षी इंग्लंडविरुद्धची कसोटी मालिका गमावल्यानंतर भारतीय नियामक मंडळाने रवी शास्त्री यांना संघ संचालक नेमले व बांगर यांची भारतीय संघाच्या मार्गदर्शक वर्गात नियुक्ती केली. जुलै २०१७ मध्ये शास्त्री मुख्य प्रशिक्षक झाल्यावर बांगर यांना सहायक प्रशिक्षक हे पदनाम मिळाले. फलंदाजीची जबाबदारी त्यांच्याकडेच राहिली.

=== कार्यकाळातील कामगिरी ===

या पाच वर्षांतील फलंदाजीचे चित्र संमिश्र आहे. विराट कोहली यांनी २०१४च्या इंग्लंड दौऱ्यात कसोटीच्या दहा डावांत १३४ धावा केल्या होत्या. २०१८च्या दौऱ्यात त्यांनी ५९३ धावा केल्या. २०१८-१९ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियात प्रथमच कसोटी मालिका जिंकली. तिच्यात चेतेश्वर पुजारा यांनी तीन शतकांसह ५२१ धावा केल्या.

याच्या उलट बाजूही तितकीच ठळक आहे. जानेवारी २०१८ मध्ये केपटाऊन येथे २०८ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना भारत १३५ धावांत बाद झाला. त्याच वर्षी बर्मिंगहॅम येथे १९४ धावा हव्या असताना डाव १६२ धावांवर आटोपला, तर लॉर्ड्सवर दोन्ही डावांत मिळून २३७ धावा झाल्या. परदेशातील जिंकण्याजोगे सामने फलंदाजीमुळे हातचे गेले, असा आक्षेप येथूनच घेतला जाऊ लागला.

== चौथ्या क्रमांकाचा प्रश्न आणि २०१९चा विश्वचषक ==

एकदिवसीय क्रिकेटमध्ये चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाला दोन वेगवेगळ्या परिस्थितींसाठी तयार असावे लागते. आघाडीचे गडी लवकर बाद झाल्यास त्याने डाव सावरावा आणि चांगली सुरुवात झाल्यास धावगती वाढवावी, अशी अपेक्षा असते. २०१९च्या विश्वचषकापूर्वीच्या काळात भारताने या जागी अनेक खेळाडू खेळवून पाहिले, परंतु जागा स्थिर झाली नाही. २०१८ मध्ये अंबाती रायुडू यांचे नाव जवळपास निश्चित मानले जात होते. विश्वचषकासाठी मात्र निवड समितीने अष्टपैलू विजय शंकर यांची निवड केली.

स्पर्धेत सलामीवीर शिखर धवन जखमी झाल्याने लोकेश राहुल यांना चौथ्या क्रमांकावरून सलामीला जावे लागले. त्यानंतर विजय शंकर यांनाही दुखापत झाली आणि ऋषभ पंत यांना ती जागा मिळाली. साखळी फेरीत हा प्रश्न फारसा जाणवला नाही, कारण आघाडीची फळी सतत धावा करत होती. रोहित शर्मा यांनी या स्पर्धेत पाच शतकांसह ६४८ धावा केल्या आणि भारत गुणतक्त्यात अव्वल राहिला.

९ व १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टर येथे न्यूझीलंडविरुद्ध उपांत्य सामना झाला. पावसामुळे तो दुसऱ्या दिवशी पूर्ण करण्यात आला. २४० धावांचे लक्ष्य असताना रोहित शर्मा, विराट कोहली व लोकेश राहुल हे तिघेही प्रत्येकी एक धाव करून बाद झाले. त्या वेळी धावफलक ३ बाद ५ असा होता. महेंद्रसिंह धोनी यांना सातव्या क्रमांकावर पाठवण्यात आले. त्यांनी ५० व रवींद्र जडेजा यांनी ७७ धावा करून विजयाची आशा निर्माण केली. परंतु जडेजा बाद झाल्यावर धोनी धावचीत झाले आणि भारत २२१ धावांत सर्वबाद होऊन १८ धावांनी हरला.

== ऑगस्ट २०१९ मधील बदल ==

स्पर्धेनंतर मंडळाने मुख्य प्रशिक्षकासह सर्व पदांसाठी अर्ज मागवले. मुख्य प्रशिक्षकाची निवड कपिल देव, अंशुमन गायकवाड व शांता रंगास्वामी यांच्या सल्लागार समितीकडे होती. १६ ऑगस्ट रोजी या समितीने रवी शास्त्री यांची फेरनिवड केली. सहायक पदांच्या मुलाखती एम. एस. के. प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय निवड समितीने घेतल्या. २२ ऑगस्ट रोजी जाहीर झालेल्या पसंतीक्रमात गोलंदाजीसाठी भरत अरुण व क्षेत्ररक्षणासाठी आर. श्रीधर यांना कायम ठेवण्यात आले. फलंदाजीसाठी मात्र विक्रम राठोड यांना पहिली पसंती मिळाली आणि बांगर दुसऱ्या स्थानी राहिले. राठोड हे भारताकडून सहा कसोटी सामने खेळलेले माजी सलामीवीर असून पूर्वी राष्ट्रीय निवड समितीचे सदस्यही होते.

== वादातील दोन बाजू ==

'''बदलाच्या बाजूने''' असे मत मांडले गेले की, पाच वर्षे हा कोणत्याही प्रशिक्षकाला पुरेसा अवधी आहे. या काळात गोलंदाजी व क्षेत्ररक्षण यांत स्पष्ट प्रगती दिसली, तर मधल्या फळीचा प्रश्न होता तसाच राहिला. ज्या विभागात उणीव आहे त्या विभागात नवी दृष्टी आणणे हा शिक्षेचा भाग नसून व्यवस्थेचा स्वाभाविक नियम आहे, असे या पक्षाचे म्हणणे होते.

'''बदलाच्या विरोधात''' असे म्हटले गेले की, चौथ्या क्रमांकाचा खेळाडू निवडणे हे फलंदाजी प्रशिक्षकाचे काम नव्हते. बांगर यांनीही नंतर मुलाखतींतून या निर्णयात संपूर्ण संघ व्यवस्थापन व निवड समिती सहभागी असल्याचे सांगितले. धोनी यांना सातव्या क्रमांकावर पाठवण्याविषयी, तो संघाचा सामूहिक निर्णय होता, असे मुख्य प्रशिक्षक शास्त्री यांनी स्पष्ट केले होते. ज्या निवड समितीने विश्वचषकाचा संघ निवडला, त्याच समितीने फलंदाजी प्रशिक्षकाची मुलाखत घेतली, याकडेही लक्ष वेधले जाते. निर्णय सामूहिक असेल तर त्याचा भार एकाच माणसावर का, हा या पक्षाचा मुख्य प्रश्न होता.

या दोन्ही युक्तिवादांत एक समान अडचण आहे. अपयशाचा दोष जसा एकट्या प्रशिक्षकाला देता येत नाही, तसेच यशाचे श्रेयही त्याला एकट्याला देता येत नाही. मँचेस्टरच्या तीन धावा त्याच्या खात्यावर मांडायच्या, तर पुजारा यांच्या ऑस्ट्रेलियातील ५२१ धावाही तेथेच मांडाव्या लागतात.

== अन्य खेळांशी तुलना ==

अमेरिकन फुटबॉलमध्ये याच्याशी मिळतेजुळते पद ‘ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर’ म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार हे आहे. त्या खेळात दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चार संधी मिळतात. प्रत्येक संधीच्या आधी खेळ थांबतो आणि पुढची चाल कोणती हे अनेक संघांत हा सूत्रधारच मैदानाबाहेरून कळवतो. त्यामुळे विद्यापीठांचे संघ हरले की त्याला बदलण्याची मागणी चाहते करतात, तेव्हा तिला निदान एक आधार असतो, कारण फसलेली चाल त्याने निवडलेली असते. क्रिकेटमध्ये चेंडू खेळण्याचा निर्णय फलंदाजाला क्षणार्धात स्वतःच घ्यावा लागतो. पदे सारखी दिसली तरी दोघांची उत्तरदायित्वे सारखी नाहीत.

प्रशिक्षक बदलण्याचा निर्णय आणि त्याचे फळ यांचा मेळ बसतोच असे नाही, हे महाराष्ट्रातील एका उदाहरणावरून दिसते. २०१६-१७ मध्ये मुंबईचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पराभूत झाल्यावर प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांना कायम ठेवण्यात आले नाही. पुढील दोन्ही हंगामांत त्यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने रणजी करंडक जिंकला. २०२१-२२ मध्ये ते मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक असताना त्या संघाने अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवले.

== नंतरचा काळ ==

विक्रम राठोड जून २०२४ पर्यंत पदावर होते. त्यांच्या काळात डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेड येथे भारताचा डाव ३६ धावांत संपला. ही भारताची कसोटीतील नीचांकी धावसंख्या आहे. त्या वेळी प्रशिक्षक बदलला गेला नाही आणि पुढच्याच महिन्यात ब्रिस्बेन येथे ३२८ धावांचा यशस्वी पाठलाग करून भारताने ती मालिका जिंकली. राठोड यांच्या कार्यकाळाच्या अखेरीस, २९ जून २०२४ रोजी, भारताने ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला.

जुलै २०२४ मध्ये गौतम गंभीर मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्याबरोबर मुंबईचे माजी खेळाडू अभिषेक नायर सहायक प्रशिक्षक म्हणून आले. मायदेशी न्यूझीलंडविरुद्ध ०-३ आणि ऑस्ट्रेलियात १-३ असे कसोटी पराभव झाल्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये सौराष्ट्राचे सितांशू कोटक यांना फलंदाजी प्रशिक्षक नेमण्यात आले आणि एप्रिलमध्ये नायर पदमुक्त झाले. मुख्य प्रशिक्षक याही वेळी कायम राहिले.

बांगर पुढे रॉयल चॅलेंजर्स बंगळूर संघाचे फलंदाजी सल्लागार व नंतर २०२२ आणि २०२३ या हंगामांत मुख्य प्रशिक्षक होते.

== हे सुद्धा पाहा ==

* भारतीय क्रिकेट संघ
* क्रिकेट विश्वचषक, २०१९
* संजय बांगर
* रणजी करंडक
* बीड जिल्हा