१६० चौरस फुटांचं नाटक

तालीम रात्री दहानंतर. त्याआधी कुणाची ड्युटी सुटलेली नसते, कुणाची भांडी व्हायची असतात. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या रहिवाशांना घेऊन त्यांच्याच चाळीचं नाटक बसवायचं ठरलं, तेव्हा हाताशी संहिता नव्हती आणि ती बाहेरून आणायचीही नव्हती.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२० च्या दशकात बांधलेल्या या इमारती. मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्यावर सामायिक संडास. खोली १६० चौरस फुटांची. हा आकडा इथे सगळ्यांना पाठ, पण आकड्यावर नाटक उभं राहत नाही. म्हणून पॅसेजच्या फरशीवर खडूनं खोली आखली आणि एका मावशींना विचारलं, "तुमच्याकडे कोण कुठे झोपायचं?"

मावशी चौकटीत शिरल्या त्याच मान वाकवून. त्यांच्या घरी दारातच पोटमाळा होता. मग शेजारच्या पोरापोरींना हाताला धरून त्या एकेक जागी निजवत गेल्या. सासरे कॉटवर. दोन दीर कॉटखाली, तोंड भिंतीकडे. नणंदा माळ्यावर. मोरीच्या कट्ट्याशी डोकं करून त्या स्वतः, तान्ह्याला कुशीत घेऊन. नवरा मिलच्या रात्रपाळीला, म्हणून त्याची जागा कुठे आखायचीच नाही. "आता रात्री पाणी प्यायला उठून दाखवा," त्या म्हणाल्या. पोरं धडपडली. मावशी मात्र उठल्या, कुणाचाही हात न तुडवता माठापर्यंत गेल्या आणि परत आल्या. तोच आमचा पहिला प्रवेश झाला. ती चाल कुठल्याही नटाला महिनाभर शिकवून आली नसती.

बसवणाऱ्यानं अशा वेळी ऐकायचं आणि काटछाट करायची. कठीण असतं ते पुढचंच: सांगितलेली गोष्ट कुणाची? नळावरच्या भांडणाचा प्रवेश बसला आणि एका घरानं बोलणं टाकलं. बरोबरच होतं त्यांचं. त्यानंतर नियम झाला, ज्याची गोष्ट त्याच्या होकाराशिवाय प्रवेश नाही.

मग विषय आला १९७४ च्या जानेवारीतल्या दंगलीचा. शिवसेना आणि दलित पँथर यांच्यातला तो संघर्ष याच चाळींमध्ये पेटला होता. "जुनं उकरू नका," असं दोन्हीकडची वडीलधारी मंडळी म्हणत होती. मला वाटत होतं, हे गाळलं तर बाकीचं सगळं गोडगोड होईल. तोड एका काकांनी काढली. संवाद नको, फक्त दारं. पॅसेजमधली दारं एकामागून एक लागत जातात, कडी आतून. प्रयोगात खरीच दारं लागली, बौद्धांची आणि कोकणातल्या मराठ्यांचीही, आणि ज्यांनी लावली त्यांनी ती १९७४ मध्येही लावली होती. त्या प्रवेशानंतर ढोलकी लगेच वाजवायची नाही, हेही काकांनीच ठरवलं.

शेवटी बाल्या नाच आणि भीमगीत, एकाच ढोलकीवर. दोन्ही ठेके वाजवणारा पोरगा एकच होता.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. पाचशे चौरस फुटांचं घर, स्वतःचा संडास: याची वाट तीन पिढ्यांनी पाहिली आहे, आणि चाळीच्या आठवणीनं गहिवरणाऱ्या बाहेरच्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. नाटकातल्या कुणालाही खोलीत परत जायचं नाही. प्रयोग मात्र टॉवरमध्येही करायचा आहे. तिथे तसा पॅसेज नाही, म्हणून दारांचा प्रवेश लिफ्टसमोर कसा बसवायचा यावर सध्या वाद चालू आहे. काका म्हणतात, मजले वाटून घ्या.