ताईंनी पाठवलंय म्हणजे खरंच असेल

संध्याकाळची वेळ आहे. कुणाचे हात पिठात असतील, कुणी नुकत्याच धारा काढून आल्या असतील. काम चालू ठेवा आणि ऐका. आज मोबाईलवर येणाऱ्या मेसेजबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक आवाजाची क्लिप आली. एक बाई रडत रडत सांगत होती, "आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी आलीय. काल दोन लेकरं नेली. वस्तू विकायच्या निमित्ताने बाया घरात शिरतात. आई असाल तर हा मेसेज पुढे पाठवा." माझी धाकटी शेजारीच झोपली होती. मी उठून आधी दाराची कडी बघितली आणि लगेच ती क्लिप माझ्याकडच्या अकराही गटांच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, "सर्वांनी दक्ष राहा." एक मिनिटही लागलं नाही.

दोन दिवसांनी शेजारच्या वाडीत सुया, पिना, बांगड्या विकणाऱ्या बाईला लोकांनी अडवलं. बाई दरवर्षी येणारी, पण या वेळी सोबत चार वर्षांचा नातू होता. "हा पोरगा कुणाचा?" म्हणत माणसं जमली. टोपली उलटी झाली, बांगड्या फुटल्या, पोर घाबरून किंचाळायला लागलं तर लोकांना वाटलं, बघा, पळवूनच आणलंय. आमच्या गटातल्या एका आजींनी तिला ओळखलं. "हिच्याकडून मी वीस वर्षं सुया घेते," म्हणत त्यांनी दोघांना घरात ओढलं आणि आतून कडी लावली, म्हणून निभावलं. मी पोचले तेव्हा बाया मला म्हणाल्या, "ताई, तुम्हीच तर पाठवलं होतं. ताईंनी पाठवलंय म्हणजे खरंच असेल असं वाटलं."

प्रत्येक ठिकाणी असं निभावत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा त्या भागात आधीच फिरत होत्या. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि जमाव अंगावर गेला. पाचही जणांना ठेचून मारलं.

त्याच वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. बघून कुठल्याही आईचं काळीज हलेल. खरा व्हिडिओ मात्र कराचीचा, पाकिस्तानातला. मुलांची काळजी घ्या हे सांगण्यासाठी तिथल्या एका संस्थेने केलेली ती जाहिरात होती. शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरून उभे राहतात. कुणीतरी तो शेवट कापला. चित्र खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. म्हणून "मी डोळ्यांनी बघितलं" एवढ्यावर भागत नाही. सुरुवात कुठे, शेवट कुठे, हे विचारायचं.

आता माझी ती क्लिप पुन्हा ऐका. "आपल्या भागात." कुठल्या? तुम्ही जिथे ऐकाल तो आपलाच भाग. "काल." ही क्लिप आषाढात ऐका की दिवाळीत, काल तो कालच राहतो, शिळा होतच नाही. गावाचं नाव नाही, पोलीस ठाणं नाही, बोलणारीचं नाव नाही. आपण गटात पाच हजारांचं कर्ज देताना विचारतो ना, कशाला हवंय, कधी फेडणार, जामीन कोण? इतिवृत्तात लिहितो, सह्या घेतो. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला मी एकही प्रश्न विचारला नाही. कारण मला विचारायला सवडच ठेवली नव्हती. आधी लेकराची भीती घातली, मग आईपणाची आण घातली आणि "पुढे पाठवा" म्हणून घाई केली. हे तीन एकत्र दिसले की मी आता मोबाईल पालथा ठेवते आणि भाकरी टाकायला घेते. भाकऱ्या होईपर्यंत डोकं थंड होतं.

मेसेजच्या वर बारीक बाण असतो, तोही बघा. एक बाण म्हणजे पाठवणारीने स्वतः लिहिलेलं नाही, कुठून तरी आलेलं पुढे ढकललंय. दोन बाण जोडून दिसले तर तो बऱ्याच हातांतून फिरत आलाय. दोन बाण म्हणजे खोटंच असं नव्हे, पण तुमच्या जावेने पाठवला म्हणून तो जावेचा ठरत नाही. फोटोचा संशय आला तर गुगल लेन्समध्ये टाकून बघता येतो. तोच फोटो आधी दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या देशाच्या नावाने छापून आला असेल तर बहुतेक वेळा तिथे दिसतो. घरातल्या कॉलेजच्या पोरांना हे येतं, त्यांच्याकडून शिकून घ्या.

पैशाच्या मेसेजचीही हीच तऱ्हा, फक्त तिथे भीतीबरोबर लालूच असते. "लाडकी बहीणचा हप्ता बंद होईल, आजच लिंक भरा." लिंक उघडण्याआधी पत्ता वाचा. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून, पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेआधी शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' नसेल तर आधार नंबर, ओटीपी काही भरू नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

मी चूक कशी निस्तरली ते सांगते. मेसेज नुसता डिलीट करून भागत नाही. जिने तो पुढे पाठवला, तिच्याकडून पुढे गेलेला राहतोच. म्हणून पोलीस पाटलांना विचारलं, त्यांनी ठाण्यात फोन लावला, तालुक्यात अशी एकही तक्रार नव्हती. मग माझ्याच आवाजात अकराही ग्रुपवर सांगितलं की ती क्लिप खोटी होती, मी न विचारता पाठवली, ज्यांनी पुढे पाठवली त्यांनी हेही पाठवा. लाज वाटली. फुटलेल्या बांगड्यांचे पैसे आम्ही गटातून नाही, मी घरातून दिले.

आता आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं महिनाभरातले मेसेज वाचतो. गेल्या महिन्यात "बचत गटांची सगळी कर्जं माफ" असा एक निघाला. दोघींनी त्यावर विसंबून हप्ता आणलाच नव्हता. तिथल्या तिथे बँकेत फोन लावून स्पीकरवर ठेवला, साहेब म्हणाले असा काही आदेश नाही. दोघी घरी जाऊन पैसे घेऊन आल्या, तोवर आम्ही बैठक थांबवून ठेवली.