ट्राउटचा हिवाळा, मरळीचा उन्हाळा

बर्फाच्या काठाकाठानं वाहणाऱ्या डोंगरी नदीत ट्राउट हिवाळा कसा काढतो हे कळलं, तेव्हा मला आपल्या मांजरा नदीतल्या मरळ माशाचं जास्तच नवल वाटू लागलं. दोघांपुढचा प्रश्न एकच आहे, श्वासाचा.

आधी ट्राउट. पाणी शून्य अंशाला गोठतं. पण माशाच्या रक्तात क्षार असतात, त्यामुळे ते गोठायला पारा शून्याच्याही थोडा खाली जावा लागतो. म्हणजे नदी वाहती आहे तोवर तिच्यातला मासा गोठूच शकत नाही! थंडीनं त्याची भूक मंदावते, जोराच्या धारेतून तो संथ, खोल डोहात सरकतो. प्राणवायूची मात्र त्याला चंगळ असते. ५ अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे १२.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ७.५. पाणी तापतं तसा वायू निसटतो, आणि नेमका तेव्हाच माशाच्या शरीराला तो जास्त हवा असतो. पाणी २५ अंशांच्या आसपास गेलं की ट्राउटचा जीव धोक्यात येतो. आपल्या नद्या उन्हाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडतात.

म्हणून १९०० च्या सुमारास इंग्रजांनी परदेशातून ट्राउटची अंडी आणली ती काश्मीरला. पुढे हा मासा कुलू आणि निलगिरीतही रुजला. काश्मीर-हिमाचलात ऐन थंडीत त्याच्यावर गळ टाकायला बंदी असते, कारण तो त्याचा अंडी घालण्याचा काळ. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात मात्र जानेवारीतही लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ‘फ्लाय फिशिंग’ करतात.

ही विद्या मोठी देखणी आहे. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात आणि शिशाच्या वजनानं तो लांब फेकतात. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजनच नसतं, म्हणून दोरीच जाड आणि जड ठेवतात. काठीच्या झोक्यानं दोरी हवेत उलगडत जाते आणि माशीला सोबत घेऊन जाते. हिवाळ्यातली माशी तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गळावर बांधलेली असते. कारण त्या थंडीतही पाण्यातून बाहेर पडणारे कीटक मुख्यतः एकाच कुळातले, कायरोनोमिड. दिसायला डासासारखे, पण न चावणारे. सुस्तावलेला ट्राउट घासासाठी लांब धावत नाही, म्हणून ती माशी संथपणे थेट त्याच्या तोंडापुढून जावी लागते.

आणि हेच कूळ आपल्या तळ्यांच्या गाळातही नांदतं! गाळ उपसताना लालभडक अळ्या वळवळताना दिसतात, त्यातल्या पुष्कळशा याच कुळातल्या. त्यांचा रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्ताला लाल करणारं तेच द्रव्य. गाळात प्राणवायू अगदी कमी असतो. जो मिळेल तो या द्रव्यानं धरून ठेवायचा.

मरळ याही पुढे गेली. तिच्या कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची पोकळी असते. ती पाण्यावर येऊन तोंडानं हवेचा घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. हे तिला इतकं आवश्यक आहे, की जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर मोठी मरळ चक्क बुडून मरते. उलट पाणी आटलं तरी अंग ओलं राहील एवढ्या चिखलात ती तग धरते.

२०१६ साली धनेगावचं मांजरा धरण आटलं. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली, ते साल कोण विसरेल? असे दुष्काळ ज्या मुलखात फिरून फिरून येतात, तिथे पाण्यातल्या प्राणवायूवर विसंबून न राहणारा मासा टिकावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. गाळ पार भेगाळला की मात्र मरळीचाही इलाज चालत नाही.

लातूरच्या थंडीत मरळही सुस्तावते. शरीराची गरज घटते, तशा हवेसाठी वर येण्याच्या खेपाही कमी होतात. दुपारच्या उन्हानं काठचं उथळ पाणी तापलं की त्या वाढू लागतात, पाण्यावर वर्तुळं उठतात, आणि गळ घेऊन बसलेल्याला ती नेमकी कुठे आहे ते कळतं.